ब्लू व्हर्डिटर

ब्लू व्हर्डिटर हे तांब्यापासून बनवलेले जुने कृत्रिम निळे रंगद्रव्य आहे. ते म्हणजे बेसिक कॉपर कार्बोनेट. खाणीत मिळणाऱ्या अझुराइट खनिजाचीही घडण तीच. 17व्या-18व्या शतकांत युरोपात भिंतींच्या रंगात आणि भिंतींवर चिकटवायच्या कागदांत ते भरपूर वापरले गेले. महागड्या अझुराइटला हा स्वस्त पर्याय होता.

चांदी शुद्ध करणाऱ्यांकडे ते जवळजवळ फुकटात तयार होई. नायट्रिक आम्लात विरघळलेल्या चांदीत तांबे टाकले की चांदी खाली बसते आणि तांबे पाण्यात उतरते. हे उरलेले निळे पाणी खडूच्या भुकटीवर ओतून ढवळत ठेवायचे. सारा खेळ तापमानाचा: थंडीत निळा रंग मिळे, ऊब वाढली की हिरवा. विदर्भाच्या मे महिन्यात कोणी हा प्रयोग मांडला, तर हिरवाच हाती येण्याची शक्यता जास्त. पुढे प्रशियन ब्लू आणि 1828 नंतर कृत्रिम अल्ट्रामरीन ही दुसरी निळी रंगद्रव्ये आली, तसा व्हर्डिटर मागे पडला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण बारीक आणि गोलसर दिसतात, कुटलेल्या अझुराइटचे मात्र टोकदार. डिंक किंवा सरसाच्या पाण्यात हा रंग खुलतो, तेलात हिरवटतो. लिंबाचा रस पडला की फसफसून विरघळतो. तापवला तर काळा पडतो. गंधकयुक्त वायूनेही काळवंडतो, त्यामुळे गोबरगॅसच्या टाकीलगतची भिंत त्याच्यासाठी वाईट जागा.

काटोल, वरुड, मोर्शीच्या संत्राबागांत या रंगाचा एक भाऊबंद दरवर्षी भेटतो. बोर्डो मिश्रण हे झाडांवर फवारायचे बुरशीनाशक. 1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी लागते. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून एकत्र ओतले की ड्रममध्ये आभाळासारखा निळा साका तयार होतो. मग त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून पाहतात; पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हा साका कार्बोनेट नव्हे, पण रंग तांब्याचाच आणि सांभाळायची रीतही तीच.

व्हर्डिटर पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून ते निर्धोक समजू नये. पोटातल्या आम्लात ते सहज विरघळते. मळमळ आणि उलट्या होतात, जास्त प्रमाणात गेले तर यकृत आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. कोरडी भुकटी घोटताना धूळ उडते, तेव्हा नाकातोंडावर मास्क, हातात मोजे हवेत आणि भुकटी आधी पाण्याने ओलावून घ्यावी. जेवणाच्या ताटात किंवा पाट्यावर ती कधीही घोटू नये. तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलाला तर तांब्याचा रंग मुळीच लावू नये. तो बैल दिवसभर पोरांच्या हातात आणि कित्येकदा तोंडात असतो. कपड्यांची नीळ वेगळी, ती साधारणपणे अल्ट्रामरीनची असते. मोरचूद आणि नीळ एकाच फळीवर ठेवू नयेत, डब्यांवर नावे लिहावीत.

चुकून पोटात गेले तर ओकारी काढण्याच्या फंदात न पडता, डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. ब्रश धुतलेले पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तांबे मासोळीला मारते. मेंढ्यांना तर ते थोडेही सोसत नाही, म्हणून कळप जिथे चरतो आणि पाणी पितो त्या जागेपासून हे सारे दूर ठेवावे.