रोजा आणि नमाजत्याग

रमजानचे रोजे नेमाने धरणाऱ्या, पण पाच वेळची नमाज न पढणाऱ्या मुसलमानाचा रोजा ग्राह्य ठरतो का, हा इस्लामी धर्मशास्त्रातला जुना वादप्रश्न आहे. नमाज आणि रोजा हे दोन्ही इस्लामच्या पाच स्तंभांत मोडतात आणि दोन्ही फर्ज, म्हणजे सक्तीची धार्मिक कर्तव्ये, आहेत. रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये (इ. स. ६२४) फर्ज झाले.

रोजा कशाने तुटतो, हे ठरलेले आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत जाणूनबुजून खाल्ले, प्याले किंवा शरीरसंबंध केला तर तो तुटतो. नमाज चुकणे यात येत नाही. सहरी (पहाटेपूर्वीचे जेवण) करून झोपलेल्याची फजर (पहाटेची) आणि जोहर (दुपारची) नमाज टळली, तरी त्या दिवसाचा रोजा मोडत नाही. नमाज मात्र डोक्यावर राहते आणि ती कजा म्हणून, म्हणजे वेळ टळल्यावर भरपाई म्हणून, पढावी लागते. म्हणजे खरा वाद रोज्याच्या नियमांचा नाहीच. नमाज सोडणारा मुसलमान उरतो की नाही, यावर सारे अडते; कारण श्रद्धा नसेल तर कोणतीच इबादत (उपासना) ग्राह्य नाही.

नमाज फर्ज आहे हेच जो नाकारतो तो इस्लामबाहेर जातो, यावर एकमत आहे. मतभेद आहे तो आळसाने नमाज सोडणाऱ्याविषयी. माणूस आणि कुफ्र (धर्मश्रद्धा नाकारणे) यांच्यामध्ये नमाज सोडणे एवढेच अंतर आहे, अशा अर्थाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. हंबली पंथाचे प्रवर्तक इमाम अहमद बिन हंबल यांचे प्रसिद्ध मत याच बाजूचे. विसाव्या शतकात सौदी अरेबियातील धर्मपंडित इब्न बाज आणि इब्न उसैमीन यांनी तेच उचलून धरले. अशा माणसाचा रोजा कबूल होत नाही, असे ते सांगत. मात्र इब्न उसैमीन यांच्या मते हा निर्णय नमाज पूर्णपणे सोडणाऱ्यासाठी आहे, अधूनमधून पढणाऱ्यासाठी नाही.

सुन्नी धर्मशास्त्राच्या चार पंथांपैकी हनफी, मालिकी आणि शाफिई पंथांतील बहुसंख्य विद्वान मात्र बेनमाजीला (नमाज न पढणाऱ्याला) महापापी मानतात, काफिर (इस्लामबाहेरचा) नाही. चौथ्या, हंबली पंथातील विद्वान इब्न कुदामाही याच मताचे. पाच नमाजा न सांभाळणाऱ्याला अल्लाह वाटल्यास शिक्षा करील, वाटल्यास माफ करील, ही पैगंबरांचे सहकारी उबादा बिन सामित यांनी सांगितलेली हदीस त्यांचा मोठा आधार. त्यांच्या मते असा रोजा सहीह (ग्राह्य) असतो, फर्ज फिटते. पुण्य किती पदरी पडेल, हा वेगळा प्रश्न. कित्येक रोजेदारांच्या वाट्याला भुकेशिवाय काही येत नाही, अशीही हदीस आहे.

प्रस्तुत लेखकाला बहुसंख्यांचे मत अधिक सुसंगत वाटते, पण त्यातून नमाजेला दुय्यम ठरवणे चूक आहे. आजारी माणूस आणि प्रवासी रोजा पुढे ढकलू शकतात. नमाजेला तशी सवड नाही: प्रवासात ती आखूड होते, आजारात बसून, तेही जमले नाही तर आडवे होऊन, इशाऱ्याने पढायची. मासिक पाळीत स्त्रियांना दोन्ही माफ. सुटलेले रोजे मात्र नंतर भरून काढायचे, नमाजा नाहीत.

म्हणूनच नमाज होत नाही तर रोजाही सोड, असा सल्ला मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारे विद्वान) देत नाहीत. नमाज सुरू कर, असेच सांगतात. जाणूनबुजून सोडलेल्या मागच्या नमाजांचे काय, यावर चारही पंथांचा मुख्य कल कजा पढण्याकडे आहे. इब्न हज्म आणि इब्न तैमिया या मध्ययुगीन विद्वानांच्या मते मात्र अशा नमाजांची कजा होत नाही. त्याऐवजी तौबा (पश्चात्ताप) करून नफल (ऐच्छिक) नमाजा वाढवाव्यात, असे ते सांगतात.