सी. एन. वकील

चंदुलाल नगीनदास वकील (१८९५–१९७९) म्हणजे मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्रोफेसर. मूळचे गुजरातचे, शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला, पण १९२१ पासून पुढची पस्तीसेक वर्षं मुंबईतच शिकवलं. सरकारला सल्ला देणारा अर्थतज्ज्ञ म्हटलं की डोळ्यासमोर दिल्लीतली खुर्ची नाहीतर फोर्टातली रिझर्व्ह बँक येते, वकिलांचं वजन मात्र विद्यापीठातूनच, आणि त्यांचा सल्ला बऱ्याचदा सरकारच्या मनाविरुद्धचा.

सगळ्यात गाजलं ते १९५६ मध्ये त्यांचे विद्यार्थी पी. आर. ब्रह्मानंद यांच्यासोबत मांडलेलं मॉडेल. तेव्हा दुसरी पंचवार्षिक योजना येत होती, तिचा आराखडा करणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांचा सगळा भर पोलाद आणि अवजड मशिनरीवर. हे दोघे म्हणाले, आधी धान्य आणि कापड वाढवा. याला ते वेतन-वस्तू म्हणायचे, म्हणजे कामगार पगारातून रोज जे विकत घेतो ते. गिरणगावातला कामगारच बघा ना, पगार झाला की आधी खानावळीचे पैसे, मग गावाला मनीऑर्डर, आणि तिकडेही त्या पैशाचं धान्यच यायचं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत हे खरं, पण त्यांना तिथून उचलून कारखान्यात किंवा धरणाच्या कामावर लावलं तर त्यांचं जेवण बाजारात यायला नको का? ते आलं नाही तर नुसते भाव चढणार आणि रोजगारही अडकणार.

योजना महालनोबीसांच्याच वाटेने गेली. पुढे परकीय चलनाची टंचाई झाली, अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखालचा गहू आला, आणि १९७२ च्या दुष्काळात रेशनवर ती लाल मिलो, म्हणजे आयात केलेली ज्वारी, खायची वेळ आली, जुन्या लोकांना तिची चव अजून आठवते. सगळाच दोष मॉडेल न ऐकल्याचा नाही, दुष्काळ काही नियोजन आयोगाने पाडला नव्हता, पण धान्याच्या बाबतीत वकील-ब्रह्मानंद बरोबर होते असंच म्हणावं लागेल.

१९७४ मध्ये महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर गेली तेव्हा वकिलांनी जवळपास १४० अर्थतज्ज्ञांचं निवेदन पंतप्रधान इंदिरा गांधींना दिलं. त्यात महागाई आवरायची एक योजना होती, तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं सेमीबॉम्ब्ला (हो, खरंच). सांगणं साधं होतं, बाजारात पैसा फार झालाय, त्यातला काही बाँड वगैरेंत अडकवून ठेवा. सरकारने ती स्कीम जशीच्या तशी उचलली नाही, पण जुलैत वटहुकूम काढून पगारवाढ पूर्ण आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत टाकला. हापिसात, गिरणीत सगळीकडे आरडाओरडा, कारण भत्ता वाढला तरी हातात अर्धाच आणि दुकानात भाव तेच. वर्षभरात भाव उतरले खरे, पण १९७५ चा पाऊसही चांगला झाला होता, त्यामुळे श्रेय कोणाला किती यावर अर्थशास्त्र्यांचं एकमत नाही.