व्यसनप्रतिबंध, युवकांमधील (सातारा व सांगली जिल्हे)

ज्या मुलामुलींनी तंबाखू, दारू वा अमली पदार्थाला अजून हात लावलेला नाही, त्यांची सुरुवातच होऊ नये, निदान ती शक्य तितकी लांबावी, यासाठी स्वयंसेवी संस्थेने शाळा, तालीम व वस्ती येथे आखून केलेले सातत्याचे काम. बोलण्यात यालाही ‘व्यसनमुक्ती’च म्हणतात. काटेकोरपणे पाहता व्यसनमुक्ती म्हणजे जडलेल्या व्यसनावरील उपचार, तर दारूबंदी किंवा नशाबंदी म्हणजे विक्रीला आळा. तिन्हींना लागणारी माणसे आणि कौशल्ये वेगळी. एकाच कार्यकर्त्याच्या गळ्यात तिन्ही कामे पडली, की प्रतिबंधाचे काम सर्वांत आधी मागे पडते, कारण त्यात तातडीने दार ठोठावणारे कोणी नसते.

पूर्वपीठिका : या भागातील कामाचे मूळ कोठे धरावे याविषयी एकमत नाही. एक मत वारकरी परंपरेकडे बोट दाखवते. माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य, हा दंडक गावोगाव होता आणि आहे. दुसरे मत प्रतिसरकारपासून (साधारण १९४३–४६) सुरुवात धरते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा (नंतरचा सांगली जिल्हा) वेगळा होईपर्यंत वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने दारूविरुद्ध कडक पावले उचलली. तिसरे मत आधुनिक उपचारकेंद्रांच्या काळाला महत्त्व देते : पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी ‘परिवर्तन’ संस्थेतून व्यसनमुक्तीचे काम उभे केले. वारकरी वळणाचा व्यसनमुक्त युवक संघ (बंडातात्या कराडकर) हाही याच आधुनिक टप्प्यातला म्हणता येईल. प्रतिसरकारची कारवाई शिक्षेच्या धाकावर उभी होती, म्हणून ती बंदीच्या सदरात घालणे अधिक सयुक्तिक वाटते. माळेचे तसे नाही. गळ्यात माळ असलेल्या पोराला आग्रह झाला, तर “माळ हाय” एवढे दोन शब्द पुरतात. पुढे कोणी ओढत नाही. नकाराला तयार कारण आणि पाठीशी उभा राहणारा गट, या दोन्ही गोष्टी आजच्या प्रतिबंधक कार्यक्रमाला मुद्दाम घडवाव्या लागतात.

पदार्थ : २०२४ मध्ये कुपवाड व इरळी (ता. कवठे महांकाळ) येथील मेफेड्रोनच्या (एमडी) कारवायांनी सांगली जिल्ह्याकडे लक्ष वेधले. तथापि शाळकरी वयातील सुरुवात बहुधा मावा, गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी), सिगारेट व बिअर यांनी होते. पंक्चरचे सोल्यूशन हुंगणे, झोपेच्या गोळ्या, गांजा हे पुढचे. व्यायामशाळांत मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनचा प्रश्न आहे. हे भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वाढवण्याचे औषध असून गैरवापराने हृदयाचे ठोके बिघडतात व भास होऊ शकतात. मिश्रीची सवय घरातूनच लागते, म्हणून मुलींच्या गटात तिचा विषय वगळू नये.

कार्यपद्धती : इयत्ता सातवी ते नववी हा योग्य काळ. एका गटात २५ ते ३० मुले, दोन प्रशिक्षित स्वयंसेवक, आठवड्याला एक तासिका, अशी १० ते १५ सत्रे, आणि पुढील वर्षी ३–४ उजळणी सत्रे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाची प्रतिबंधाची मानके (२०१३, सुधारित २०१८) अशाच सहभागाच्या, बांधीव सत्रांना अनुकूल आहेत. जुलैत सुरू करून दिवाळीपूर्वी संपवावे. नंतर स्नेहसंमेलन व परीक्षांत तासिका मिळत नाहीत. साखर कारखान्यांच्या गळिताबरोबर ऊसतोड कुटुंबांची मुले येतात, त्यांच्यासाठी फडावर वा साखरशाळेत वेगळा गट लावावा लागतो. पाच शाळांसाठी दहा स्वयंसेवक पुरत नाहीत; दोन-तीन राखीव हवेत, कारण एक सत्र बुडाले की मुलांचा विश्वास ओसरतो.

बाके भिंतीला लावून मुलांना गोलात बसवतात. माहितीला दहा मिनिटांहून जास्त वेळ देत नाहीत. सत्राचा गाभा म्हणजे नकाराचा सराव. पुडी पुढे करणारा कोणी अनोळखी गुंड नसतो. तो चुलतभाऊ असतो, गणपती मंडळातला दादा असतो. एक मुलगा तसा उभा राहतो : “घे की रं, एवढ्यानं काय हुतंय!” दुसऱ्याने न भांडता, न लाजता नाही म्हणायचे, दुसरा आग्रह झाला तरी टिकायचे आणि तिसऱ्याला तिथून निघायचे. प्रत्येकाची पाळी आली पाहिजे. बघून हे येत नाही. सोबत निनावी प्रश्नपेटी ठेवतात. ‘वर्गातले किती जण मावा खात असतील?’ या प्रश्नावर मुले बहुधा खरा आकडा ओलांडतात. निनावी पाहणीतील आकडा दाखवला की ‘सगळेच खातात’ हा समज ढळतो. गट फार लहान असल्यास ही पाहणी करू नये, अक्षरावरून मुले ओळखू येतात.

नेहमीच्या चुका : २६ जूनची (अमली पदार्थविरोधी दिनाची) फेरी, शपथ आणि छायाचित्र एवढ्यावर थांबणे ही सर्वांत मोठी. कर्करोगाची भीतिदायक चित्रे फसतात, कारण तीस वर्षे मावा खाऊन धडधाकट फिरणारा मामा मुलाने पाहिलेला असतो. मग बाकीचेही खोटे वाटू लागते. पदार्थांचे नमुने, भाव व वापरण्याची रीत सांगितल्याने कुतूहल वाढते. व्यसनातून बाहेर आलेल्याचे अनुभवकथन उपचारगटात मोलाचे आहे, पण वर्गात त्यातून ‘सुटता येते’ एवढेच उरू शकते. वर्गासमोर कबुली घेणे किंवा दप्तरे तपासणे सर्वस्वी टाळावे.

कायदा व पुढे पाठवणे : संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा व १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदवतात, किमान सात सभासद लागतात. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. बालकाला मादक पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवर मुलांना पुढे करून तक्रार करू नये. ती संस्थेने लेखी द्यावी. मुलाने सांगितलेले गुप्त ठेवावे, मात्र जिवाला धोका किंवा लैंगिक अत्याचार असेल तर कळवणे बंधनकारक आहे, हे पहिल्याच सत्रात सांगावे. व्यसन जडलेले आढळल्यास स्वयंसेवकाने स्वतः उपचार करू नयेत. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यास झटके येऊन जीव जाऊ शकतो. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा राष्ट्रीय मदतक्रमांक १४४४६ येथे पाठवावे, आणि पहिल्या भेटीला कोणीतरी सोबत जावे.