'तो' घ्यायचा की 'ती'?

मास इफेक्ट या अंतराळातल्या गेम-मालिकेत कमांडर शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, हे खेळणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवायचं असतं. पुढची मोहीम, शत्रू, संवाद जवळपास तेच राहतात. शरीर, चेहरा आणि आवाज बदलतो. २०११ मध्ये बायोवेअर या कंपनीकडून सांगण्यात आलं, की स्त्री शेपर्ड घेऊन खेळणारे १८ टक्के आहेत. दहा वर्षांनी तिन्ही भाग नव्या रूपात एकत्र बाजारात आले आणि कंपनीने पुन्हा आकडेवारी दिली. या वेळी स्त्री शेपर्ड ३२ टक्क्यांवर होती. कथा तीच, संवाद तेच, तिला आवाज देणारी जेनिफर हेलही तीच.

दहा वर्षांत लोकांची आवड बदलली, असं म्हणून मोकळं होता येईल. काही अंशी ते खरंही असेल. पण गेमच्या आत डोकावलं तर आणखी एक गोष्ट दिसते. २००७ च्या पहिल्या भागात पुरुष शेपर्डचा तयार चेहरा मार्क व्हँडरलू या डच मॉडेलच्या चेहऱ्यावरून घडवला होता. स्त्री शेपर्डचा तयार चेहरा मात्र कॅरॅक्टर बनवायच्या मेनूतल्याच नाक-डोळ्यांची जुळवाजुळव करून केलेला. जाहिरातींत आणि बॉक्सवरही पुरुष शेपर्डच. तिसरा भाग येईपर्यंत तिची ठळक जाहिरात झालीच नाही. त्या वेळी चाहत्यांचं मतदान घेऊन तिच्यासाठी खास रूप ठरवलं गेलं, आणि २०२१ च्या आवृत्तीत तोच चेहरा तिन्ही भागांत बसवला. म्हणजे २००७ मध्ये खेळाडूसमोर एक घडवलेला माणूस आणि एक जुळवलेला पर्याय होता. २०२१ मध्ये दोन घडवलेली माणसं होती.

खेळाडू कोणतं पात्र निवडतात यावर गेली अनेक वर्षं संशोधन चालू आहे. ते वाचताना मला सतत एक गोष्ट जाणवत राहते: आवड म्हणून जे मोजलं जातं त्यात कॅमेरा कुठे आहे, आधीपासून काय निवडून ठेवलंय, सोबत कोण खेळतंय आणि जाहिरातीत कोण होतं, हे सगळं मिसळलेलं असतं. ते सुटं केल्याशिवाय कुठल्याही टक्केवारीचा अर्थ लागत नाही.

आता सगळ्यात ठळक निष्कर्ष पाहू. गेमरांच्या आवडीनिवडींचा अभ्यास करणाऱ्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या सर्वेक्षणाचे निकाल मांडले. पुरुषांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांनी स्त्री पात्र घेऊन खेळायला आवडतं असं सांगितलं. उलट बाजूला, पुरुष पात्र आवडणाऱ्या स्त्रिया दहातली एकसुद्धा भरली नाही. बहुतेक स्त्रियांना स्त्री पात्रच हवं होतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही हाच कल दिसला. त्यात २३ टक्के पुरुषांनी स्त्री पात्र निवडलं, तर पुरुष पात्र निवडणाऱ्या स्त्रिया ७ टक्के होत्या.

हा असमतोल वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या पद्धतीने मोजूनही पुन्हा पुन्हा सापडतो, तेव्हा तो खरा आहे असं मानायला हरकत नाही. प्रश्न आहे तो कारणाचा.

पुरुष खेळाडूंना विचारलं तर एक उत्तर हमखास येतं. गेममधला कॅमेरा बरेचदा पात्राच्या पाठीमागे असतो. तासन्‌तास कुणाची तरी पाठच बघायची असेल तर ती बाईची का नको? हे उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पाठीमागच्या कॅमेऱ्यात पात्र सतत डोळ्यांसमोर असतं, ते आपल्यापेक्षा वेगळं कुणीतरी वाटू शकतं. पात्राच्या डोळ्यांतूनच जग दिसत असेल तर आपले हात आणि हातातलं हत्यार तेवढं दिसतं, पाठीचा प्रश्नच येत नाही. तरीही या एका कारणावर थांबणं मला पटत नाही. 'का निवडलं' याचं माणसाने दिलेलं उत्तर आणि निवडल्यावर त्याने प्रत्यक्षात काय केलं, यांत अंतर पडतं.

वॉरक्राफ्टचा तो अभ्यास इथे फार कामाचा आहे. संशोधकांनी ३७५ खेळाडूंना बोलावलं आणि त्यांच्यासाठी गेममध्ये खास एक मोहीम रचली. ती पार करता करता कोण कसं हलतं, काय टाइप करतं, याची बारीक नोंद झाली. ज्या पुरुषांनी स्त्री पात्र घेतलं त्यांनी बहुधा रूढ अर्थाने सुंदर रूप निवडलं: लांब मोकळे केस, नेहमीची केशरचना. त्यांचं चॅटमधलं बोलणंही बदललं. इतर पुरुषांच्या तुलनेत त्यांच्या वाक्यांत भावना दाखवणारे शब्द जास्त आले, उद्गारचिन्हं जास्त आली. म्हणजे बाई म्हटल्यावर जी एक ठोकळेबाज प्रतिमा डोक्यात असते, तिच्याकडे ते झुकले.

पण हालचालीत हे झालं नाही. खेळणारे पुरुष स्त्रियांपेक्षा जास्त उड्या मारत होते, जास्त वेळा उलट्या पावली मागे सरकत होते, गटापासून जास्त अंतर ठेवत होते. स्त्री पात्र घेतलेले पुरुषही अगदी तसंच करत होते. बोलताना माणूस स्वतःवर लक्ष ठेवतो. कळफलकावरच्या बोटांवर कोण ठेवणार? मला हा निष्कर्ष विलक्षण वाटतो, कारण तो सोपी दोन्ही स्पष्टीकरणं अडवतो. हे पुरुष स्त्री असल्याचं सोंग पूर्णपणे वठवत नव्हते, आणि पात्राचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नव्हता असंही नाही.

पात्राचा असा परिणाम होतो हे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखवलं होतं. आभासी जगात ज्यांना देखणं रूप मिळालं ते समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले, स्वतःबद्दल अधिक बोलले. ज्यांना उंच शरीर मिळालं ते पैशांच्या वाटणीत ठाम राहिले. बुटकं शरीर मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणीही जास्त वेळा मान्य केली. हवी ती रूपं धारण करणाऱ्या ग्रीक देवतेवरून याला प्रोटियस परिणाम असं नाव पडलं. त्या प्रयोगात रूप निवडायला दिलं नव्हतं, चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून दिलं होतं. म्हणून तिथे कारण आणि परिणाम वेगळे काढता आले. पात्राच्या स्त्री-पुरुष असण्यावरच्या बहुतेक अभ्यासांत हे शक्य होत नाही, कारण ते पात्र खेळाडूने स्वतः निवडलेलं असतं.

याच धाग्यातला आणखी एक अभ्यास जपानमधल्या एका ऑनलाइन गेमचा आहे, २०१२ सालचा. त्यात पाहिलं होतं मदत मागणं. पुरुषांना मदत मागायला संकोच वाटतो, हे मानसशास्त्रात जुनंच निरीक्षण आहे. स्त्री पात्र घेऊन खेळताना हा संकोच कमी झालेला दिसला. खेळणारा तोच, गेम तोच. पण ती हाक पडद्यावरची बाई मारते आहे म्हटल्यावर ती मारणं सोपं गेलं. 'पाठ बघायला बरी वाटते' या उत्तरात हे कुठे येतं? त्या खेळाडूंपैकी कितीजणांना हे स्वतःला तरी उमगलं असेल?

आता स्त्रियांकडे वळू. इथे मला वाटतं, आकड्यांच्या मांडणीतच एक अन्याय आहे. ज्या गेममध्ये निवड असते तिथलीच निवड मोजली जाते. पण खूपशा गेममध्ये निवड नसते. नायक ठरलेला असतो आणि तो बहुधा पुरुष असतो. त्या गेममध्ये स्त्रिया पुरुष बनूनच खेळतात, शेकडो तास खेळतात, आवडीने खेळतात. आणि हे तास 'विरुद्ध लिंगाचं पात्र घेतलं' या रकान्यात कधीच जमा होत नाहीत. तो रकाना फक्त मोकळ्या निवडीचा. मग जेव्हा निवड मिळते तेव्हा त्या स्त्री पात्र घेतात यात नवल काय? पुरुष खेळाडूला स्त्री पात्र हा बदल असतो. अनेक स्त्रियांना बदल म्हणजे स्वतःसारखं कुणीतरी.

ही टंचाई किती आहे, तेही मोजून झालंय. डिमिट्री विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १५० गेममधल्या पात्रांची जणू जनगणनाच केली. त्यांत स्त्रिया साधारण १५ टक्के निघाल्या. २०२३ मध्ये ५० रोल-प्लेइंग, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, गेममधले सगळे संवाद, म्हणजे साठ लाखांहून जास्त शब्द, तपासले गेले. पुरुष पात्रांच्या वाट्याला स्त्री पात्रांच्या दुप्पट बोलणं आलं होतं. कधीकधी तर ती आहे हेच लपवलेलं असे. १९८६ च्या मेट्रॉइडमध्ये चिलखतातली सॅमस अरान बाई आहे हे गेम ठरावीक वेळेच्या आत संपवणाऱ्यालाच शेवटी कळायचं. इंग्रजी माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख चक्क पुरुष म्हणून होता. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेत मुलगी बनून खेळायची सोय आली ती २००० साली, क्रिस्टल या आवृत्तीत.

एकट्याने खेळणं आणि अनोळखी लोकांबरोबर खेळणं, यांतला फरकही विसरून चालणार नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी हॅलो ३ या गेमच्या ऑनलाइन सामन्यांत आधी रेकॉर्ड केलेली वाक्यं ऐकवली. वाक्यं तीच, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी स्त्रीच्या, कधी काहीच नाही. स्त्रीच्या आवाजाला तिप्पट वाईटसाईट शेरे मिळाले. हे माहीत असलेली एखादी खेळाडू ऑनलाइन सामन्यात पुरुष पात्र घेते आणि माइक बंद ठेवते, तेव्हा तिची 'पसंती' पुरुष पात्राला आहे असं लिहिणं म्हणजे धडधडीत चुकीची नोंद करणं आहे. ती स्वतःला वाचवते आहे. त्याच स्त्रीला घरी एकटीने खेळायच्या गेममध्ये पाहा, उत्तर वेगळं येईल.

प्रश्न कसा विचारला यानेही उत्तर बदलतं. २००८ च्या एका अभ्यासात ११९ ऑनलाइन खेळाडूंपैकी ५७ टक्क्यांनी कधी ना कधी विरुद्ध लिंगाचं पात्र घेतल्याचं सांगितलं. वर आलेल्या २३ आणि ७ टक्क्यांशी याचा झगडा नाही. एका ठिकाणी 'कधी केलंय का' विचारलं होतं, दुसऱ्या ठिकाणी 'आत्ता एक पात्र बनवा' म्हटलं होतं. वृत्तांत मात्र दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे म्हणून छापले जातात.

हे सगळं अभ्यासकांपुरतं राहिलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. पण 'स्त्री नायिका असलेला गेम खपत नाही' हे वाक्य या उद्योगात बराच काळ जाणत्यांचं शहाणपण म्हणून फिरत आलंय आणि त्याला आधार म्हणून हेच आकडे दिले जातात. २०१२ मध्ये ईईडीएआर या बाजार-संशोधन कंपनीने ६६९ गेमचा हिशेब मांडला. ज्यांत फक्त स्त्री नायिका आहे असे गेम त्यांत २४ भरले, आणि त्यांच्या जाहिरातीवर पुरुष नायकाच्या गेमच्या तुलनेत साधारण ४० टक्केच खर्च झाला होता. जाहिरात कमी करायची, खप कमी होतो, मग कमी खपाकडे बोट दाखवून पुढच्या वेळी जाहिरात आणखी कमी करायची. यात खेळाडूची आवड नक्की कुठे तपासली गेली?

असॅसिन्स क्रीड ओडिसी हा २०१८ चा गेम याचं बोलकं उदाहरण आहे. त्यात कसांड्रा किंवा अलेक्सिऑस या भावंडांपैकी एकाला घेऊन खेळता येतं. ब्लूमबर्गने २०२० मध्ये दिलेल्या बातमीनुसार, घडवणाऱ्यांच्या मनात मुळात कसांड्रा एकटीच नायिका होती. ते चालणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. गेम बाजारात आल्यावर सुमारे एक तृतीयांश खेळाडूंनी तिला निवडलं. हा आकडा 'फक्त एक तृतीयांश' असा वाचायचा, की पुढे केलेल्या अलेक्सिऑसला बाजूला सारून इतक्या लोकांनी तिला घेतलं असा? मी दुसऱ्या बाजूने वाचतो. पण पहिल्या बाजूने वाचणाऱ्याला केवळ त्या आकड्यावरून खोडूनही काढता येणार नाही, आणि त्या आकड्याची मर्यादा तीच आहे.

निवडच काढून घेतली तर काय होतं? रस्ट या जगण्याच्या लढाईच्या गेमने ते करून पाहिलं. तिथे स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या खेळाडूच्या खात्यावरूनच त्याच्या पात्राचा वर्ण ठरतो, आणि २०१६ पासून ते स्त्री की पुरुष हेही तसंच ठरू लागलं. बदलायची सोय नाही. आपण बाई झालो म्हणून बऱ्याच पुरुषांनी तक्रारी केल्या. स्त्रियांना हा अनुभव नवा नव्हता.

अलीकडच्या गेमनी उलटी वाट धरली आहे. २०२० च्या ॲनिमल क्रॉसिंगमध्ये मुलगा की मुलगी असं न विचारता शैली निवडायला सांगतात. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये शरीराचा बांधा, आवाज आणि सर्वनाम ही तीन वेगळी बटणं आहेत. भारदस्त बांधा, स्त्रीचा आवाज आणि हवं ते सर्वनाम, कसंही जमवता येतं. अभ्यासाच्या दृष्टीने मला हे मोठं काम वाटतं. एका 'पुरुष/स्त्री'च्या खटक्यात जे तीन निर्णय दडलेले होते ते आता सुटे नोंदवले जातात: बघायला काय हवंय, ऐकायला काय हवंय, आणि गेममधल्या इतरांनी आपल्याला काय म्हणून हाक मारावी. कुणी किती वेळ त्या पडद्यावर रेंगाळलं, आधीपासून निवडलेलं काय होतं आणि त्यातलं काय बदललं, हेही सर्व्हरवर टिपता येतं. वॉरक्राफ्टच्या अभ्यासकांना ३७५ जणांना बोलावून स्वतःची मोहीम रचावी लागली होती. कंपन्यांनी ओळख पुसून या नोंदी संशोधकांना दिल्या, तर १८ चे ३२ टक्के कशामुळे झाले याचं उत्तर अंदाजावर सोडावं लागणार नाही.