रामकुंडावर जाबाली: अश्रद्ध वाचकाच्या परंपरेची पार्श्वभूमी

भाद्रपदाच्या वद्य पक्षात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. वनवासात असताना रामाने दशरथाचं श्राद्ध याच जागी केलं, असं नाशिककर मानतात. माझ्या वडिलांचा दहावा इथेच झाला. मी देव मानत नाही. ते मानत होते, म्हणून विधीला बसलो. पिंड मांडून झाले, दर्भ आणि काळे तीळ झाले, आणि कावळा शिवायची वाट बघत सगळे उन्हात उभे राहिले. नंतर तीर्थोपाध्यायांनी नामावळीची वही उघडली, तर तिच्यात आजोबांची मोडीतली सही निघाली.

पुढे काही महिन्यांनी वडिलांच्या कपाटातलं वाल्मीकि रामायण वाचायला घेतलं आणि अयोध्याकांडाच्या १०८व्या सर्गात अडकलो. भरत रामाला परत न्यायला चित्रकूटला आला आहे, आणि जाबाली नावाचा ब्राह्मण रामाला सांगतो: ‘अन्नस्योपद्रवं पश्य मृतो हि किमशिष्यति’. अन्नाची ही नासाडी बघ, मेलेला माणूस काय खाणार? इथे एकाने खाल्लेलं दुसऱ्याच्या अंगी लागत असेल, तर प्रवासाला गेलेल्याच्या नावाने घरीच श्राद्ध घालावं, म्हणजे त्याला वाटेत शिदोरी लागायची नाही. रामकुंडावर उभं असताना माझ्या मनात नेमकं हेच आलं होतं, आणि ते रामायणातच लिहिलेलं होतं!

राम यावर संतापतो. जाबाली मग माघार घेतो, वसिष्ठ त्याची बाजू सावरून घेतात. पण त्याचे श्लोक कुणी खोडले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी हा ग्रंथ हाताने उतरवून घेतला ते बहुतेक श्रद्धाळूच होते, तरी त्यांनी नास्तिकाचं बोलणं जसंच्या तसं पुढे दिलं. अश्रद्धपणे ग्रंथ वाचणं हे इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेलं खूळ आहे, असं आजही ऐकू येतं. ते खरं नाही.

मुळात ‘नास्तिक’ या शब्दाचा अर्थच पूर्वी वेगळा होता. ‘नास्तिको वेदनिन्दकः’ ही मनुस्मृतीतली व्याख्या. तिच्यात देवाचं नावही नाही. वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. उलट पूर्वमीमांसेचे, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे, पंडित वेदाच्या अक्षराअक्षराला जपत आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र नाकारत. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने ईश्वराविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला, तरी त्याला कुणी नास्तिक म्हटलं नाही. देव न मानता ग्रंथ बारकाईने वाचायचा, हे आपल्याकडच्या कर्मठांनीही केलेलं आहे.

त्याच्याही कितीतरी आधी यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात, कौत्स नावाच्या पंडिताचं मत आलं आहे: ‘अनर्थका हि मन्त्राः’, मंत्रांना अर्थच नसतो. यास्क त्याला सुनावतो की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. मात्र अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्यालाही तो सोडत नाही. असा माणूस म्हणजे नुसता भार वाहणारा खांब, असं तिथेच म्हटलं आहे. सात दिवसांत पारायण उरकणाऱ्या घरात मी वाढलो. ‘अर्थ काय?’ असं विचारलं की पोथीला प्रश्न विचारू नयेत, असं उत्तर मिळायचं. यास्काला हे उत्तर चाललं नसतं.

खुद्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्तही प्रश्नावरच थांबतं. ही सृष्टी कुठून आली हे वर बसलेला तिचा अध्यक्ष जाणत असेल, ‘यदि वा न वेद’, किंवा त्यालाही ठाऊक नसेल.

वेद आणि परलोक दोन्ही नाकारणाऱ्या चार्वाकांचं नशीब मात्र वाईट. त्यांचे मूळ ग्रंथ हरवले. त्यांचं म्हणणं आज आपल्याला कळतं ते मुख्यतः विरोधकांच्या पुस्तकांतून, कारण शास्त्रार्थाची रीतच अशी की आधी समोरच्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायचा आणि मग तो खोडायचा. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचं पहिलं प्रकरण चार्वाकांचं आहे, आणि जाबालीचा शिदोरीचा मुद्दा तिथेही आहे. आपल्या पूर्वजांचा आवाज ऐकायचा तर नास्तिकाला आस्तिकांचे ग्रंथ उघडावे लागतात. त्यांनी पूर्वपक्ष नेटका मांडला म्हणूनच तो आवाज उरला. हे ऋण मी मनापासून मानतो.

नाशिकला या इतिहासाचा दगडी पुरावाही आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगतचा त्रिरश्मी डोंगर, म्हणजे आपली पांडवलेणी. २४ लेण्यांपैकी १०व्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३ लाख गाई दान दिल्या, देवब्राह्मणांना १६ गावं दिली, दरवर्षी १ लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, असं त्यात लिहिलं आहे. आणि त्याच लेखात हे लेणं बौद्ध भिक्षुसंघाला दिल्याचंही. मनूच्या व्याख्येने हे भिक्षू नास्तिकच. एकाच दात्याच्या एकाच लेखात दोघंही शेजारी बसले आहेत.

एवढ्यावर हा इतिहास संपला असता तर फार गोड वाटला असता. हे ग्रंथ वाचायची मुभा होती कुणाला? स्त्रिया आणि शूद्र वेदापासून दूर ठेवले गेले. ज्यांचं समाधिस्थान इथून जवळच त्र्यंबकेश्वरला आहे त्या निवृत्तिनाथांच्या धाकट्या भावाने, ज्ञानेश्वरांनी, ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाला सरळ कंजूष म्हटलं: ‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं’. संपत्ती अमाप, पण फक्त तीन वर्णांच्याच कानी लागणारा.

एकोणिसाव्या शतकात छापखाने आले आणि ही कोंडी फुटू लागली. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त दशावताराच्या कथा हाती घेतल्या आणि जिंकलेल्यांच्या नव्हे, हरलेल्यांच्या बाजूने वाचल्या. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. पण ही गोष्ट कोणी, कोणासाठी रचली, हा त्यांचा प्रश्न टिकला.

तो प्रश्न नाशिकच्या रस्त्यावर उतरला २ मार्च १९३० रोजी. काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला, आणि दार काही उघडलं नाही. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्रातून स्पष्टच कळवलं की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. त्यांना जागं करण्याचा तो मार्ग होता. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्याच बाबासाहेबांनी शूद्रांच्या उगमाचा शोध घेताना वेद, स्मृती आणि महाभारत ओळ न्‌ ओळ तपासलं. ज्या ग्रंथांनी आपल्याला बाहेर ठेवलं ते इतक्या चिकाटीने वाचणं किती जड गेलं असेल! माझ्यासारख्या, घरात पोथ्या आयत्या मिळालेल्या माणसाने हे वाचन आणि आपलं वाचन एकाच मापाने मोजू नये.

दुसरा धागा पंडितांचा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्माची समीक्षा केली ती संस्कृत ग्रंथांच्या आतून. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची हस्तलिखितं ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, ते काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. मागाहून घुसलेलं काय आणि जुनं काय, हे श्रद्धा बाजूला ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही. तरी त्या कामात कितीतरी श्रद्धाळू माणसं होती.

बडोद्याला रामायणाचीही तशी आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात निघाली. तिच्यामुळे मी पुन्हा जाबालीकडे आलो. प्रचलित प्रतींत रामाच्या उत्तरात बुद्धाला चोरासारखा म्हणणारा श्लोक आहे. बडोद्याच्या संपादकांनी तो भाग मूळ पाठात धरला नाही.

आणि जाबालीच्या अलीकडचे सर्ग वाचले तेव्हा वेगळंच काही हाती लागलं. वडील गेल्याचं रामाला नुकतंच कळलं आहे. मंदाकिनीच्या काठी दर्भावर तो हिंगणाच्या पेंडीत बोरं मिसळून पिंड ठेवतो आणि म्हणतो, आम्ही हेच खातो, तेच तुम्ही खा. माणूस जे खातो तेच त्याचे देव खातात. जाबाली बोलतो ते या माणसाशी, इतक्या लवकर. त्याचा तर्क मला आजही बिनतोड वाटतो, आणि पेंडीचा तो पिंड वाचताना डोळे भरतात.

वडिलांच्या प्रतीत चोराचा तो श्लोक आहे. त्याच्या समासात मी पेन्सिलने ‘बडोदा प्रतीत नाही’ एवढं लिहिलं. पान उलटताना दिसलं, की मागच्या पानावर, शिदोरीच्या श्लोकाखाली, वडिलांनीही कधीतरी एक बारीक रेघ ओढून ठेवली होती.