विकतचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं तेव्हा: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लायसन्स घेऊन वापरत असलेलं टूल ओपन सोर्स (म्हणजे कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वापरता येईल असं) व्हावं का? तुमचा डेटा त्या टूलच्या स्वतःच्या फाइल फॉरमॅटमध्ये अडकलेला असेल, तर व्हायलाच हवं असं आमचं ठाम मत आहे. विक्रेता तयार नसेल, तर कंपनी बंद पडल्यावर सोर्स कोड तुमच्या हाती येईल असं एस्क्रोचं (कोड त्रयस्थाकडे ठेवण्याचं) कलम तरी करारात घालून घ्या. ब्लेंडर हे थ्रीडी ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा वापरकर्त्यांना १,००,००० युरो जमवून कोड सोडवून घ्यावा लागला होता.

कोड नुसता प्रसिद्ध होऊन भागत नाही. नेटस्केपने ३१ मार्च १९९८ रोजी ब्राउझरचा कोड दिला, पण त्यात एन्क्रिप्शनचा भाग नव्हता (अमेरिकेचे निर्यात निर्बंध आडवे आले), शिवाय इतर कंपन्यांचे घटकही काढावे लागले होते. म्हणून पहिली चाचणी ही: कोऱ्या मशीनवर, फक्त दिलेल्या सूचना वाचून बिल्ड करून पाहा, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करून पाहा. गाडी बहुधा तीन ठिकाणी अडते: विकतची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड), कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून येणारं पॅकेज, नाहीतर लायसन्स की तपासणारा भाग. बिल्ड झालं की तुमच्या सर्वांत जुन्या फाइल्स त्यात उघडा. नव्या फाइल्स उघडल्यावर समाधान मानू नका.

लायसन्सचं नाव नीट वाचा. एमआयटी, अपाची, जीपीएल ही ओपन सोर्स लायसन्स आहेत. बिझनेस सोर्स लायसन्समध्ये कोड दिसतो, पण वापरावर अटी असतात. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे आपलं सर्व्हर-व्यवस्थापनाचं टूल या लायसन्सवर नेलं. आधीच्या आवृत्त्या मात्र एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) या ओपन सोर्स लायसन्सखालीच राहिल्या, आणि त्यांवरूनच ओपनटोफू हे खुलं पर्यायी टूल उभं राहिलं. तेव्हा खुल्या आवृत्तीची पूर्ण प्रत, लायसन्स फाइलसकट, स्वतःकडे ठेवा.

सुरक्षेचं काय? बोरलंडने २००० साली इंटरबेस डेटाबेसचा कोड खुला केला. काही महिन्यांतच त्यात वर्षानुवर्षं दडलेलं एक खातं सापडलं: युजरनेम ‘पॉलिटिकली’, पासवर्ड ‘करेक्ट’. ते बंद कोडमध्येही होतंच, ग्राहकांना दिसत नव्हतं इतकंच. कोड खुला झाला की अशा गोष्टी शोधणाऱ्यांमध्ये हल्लेखोरही असतात. त्यामुळे सुरुवातीचे महिने टूलचा पोर्ट (नेटवर्कवरून त्याच्याशी जोडण्याची वाट) फायरवॉलच्या आत ठेवा आणि सिक्युरिटी अपडेट आला की लगेच बसवा.

आणि हे अपडेट कोण देणार, किती वर्षं देणार, इन्स्टॉलरवर डिजिटल सही कुणाची असणार, हे विक्रेत्याकडून कोड खुला होण्याआधीच लेखी घ्या.