मिनिएचर वॉरगेमिंग : भिडू, क्लब आणि मैत्री

इतिहासात होऊन गेलेल्या लढाया रंगवलेले छोटे सैनिक, फासे, मोजपट्टी आणि छापील नियम घेऊन टेबलावर पुन्हा खेळणे, हा ऐतिहासिक मिनिएचर वॉरगेमिंग नावाचा छंद. त्याची मुख्य घरे ब्रिटन आणि अमेरिका. सैनिक बहुधा ६, १५ किंवा २८ मिलिमीटरचे, शिसे-कथलाच्या मिश्रधातूचे नाहीतर प्लॅस्टिकचे असतात. विकत मिळतात ते बिनरंगी. कोटाचा रंग, बटणे, पट्टे, पलटणीचा झेंडा हे सगळे जुनी चित्रे आणि पुस्तके पाहून ज्याचे त्याने रंगवायचे. दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडणाऱ्याला यातला निम्मा आनंद ठाऊक असतो. उरलेल्या निम्म्यासाठी समोर भिडू लागतो.

आणि भिडू हीच या छंदातली सर्वांत दुर्मीळ वस्तू. बुद्धिबळाला जोडीदार गल्लीत मिळतो. १७०४ सालच्या ब्लेनहाइमच्या लढाईत हरणाऱ्या फ्रेंचांची बाजू घेऊन अख्खा शनिवार घालवायला तयार असलेला माणूस गावात एखादाच असतो, तोही असला तर. या छंदातले क्लब, वार्तापत्रे आणि मेळावे या टंचाईतूनच उभे राहिले.

छंदाचे मूळ प्रशियाच्या सैन्यात शोधण्याची प्रथा आहे. तिथे राइसविट्झ बापलेकांनी घडवलेला 'क्रीगश्पील' १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आला. पण ते काम होते, करमणूक नव्हे, आणि त्यात सैनिकांऐवजी ठोकळे असत. करमणुकीचा धागा इंग्रज लेखक एच. जी. वेल्सपासून धरणे जास्त बरोबर. त्याच्या 'लिटल वॉर्स' (१९१३) या पुस्तकातली सुरुवातीची हकिकत वाचण्यासारखी आहे. जेवणानंतर एक पाहुणा मुलांच्या पसाऱ्यातली स्प्रिंगची खेळण्यातली तोफ उचलतो, नेम धरून एक शिशाचा शिपाई पाडतो, बढाई मारतो आणि यजमानाला आव्हान देतो. वेल्सने त्याची जे. के. जे. ही फक्त आद्याक्षरे दिली आहेत. हा पाहुणा म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा असे सर्रास मानले जाते. म्हणजे नियमांच्या आधी इथे दोन मित्रांची चढाओढ होती. नियम मागाहून आले, आणि तेही मुख्यतः भांडणे मिटवायला.

दुसऱ्या महायुद्धानंतर छंदाला आजचे रूप आले. कॅलिफोर्नियातला जॅक स्क्रुबी स्वतः सैनिक ओतून विकत असे. १९५७ मध्ये त्याने 'वॉर गेम डायजेस्ट' हे त्रैमासिक सुरू केले. वाचक मूठभर, पण समुद्राच्या दोन्ही बाजूंना. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनचे डोनाल्ड फेदरस्टोन आणि टोनी बाथ त्याच्या संपादनात सहभागी होते. फेदरस्टोन (१९१८–२०१३) पेशाने फिजिओथेरपिस्ट. महायुद्धात ते रॉयल टँक रेजिमेंटमध्ये होते. १९६२ मध्ये त्यांचे 'वॉर गेम्स' हे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी त्यांनी 'वॉरगेमर्स न्यूजलेटर' सुरू केले, ते १९८० पर्यंत चालवले. आपण एकटेच मोठेपणी सैनिकांशी खेळतो असे मनात धरून बसलेल्या कितीतरी लोकांना आपल्यासारखे आणखी आहेत हे या पुस्तकाने कळले. १९५९ पासून एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे प्लॅस्टिकचे छोटे सैनिक स्वस्तात मिळू लागले होते, म्हणून शाळकरी पोरांनाही फौज परवडू लागली.

त्या पिढीत खऱ्या लढाईतून आलेले बरेच होते. ब्रिगेडियर पीटर यंग हे तर महायुद्धातले नावाजलेले कमांडो. पण जेम्स लॉफर्डसह त्यांनी लिहिलेले 'चार्ज!' (१९६७) हे पुस्तक अठराव्या शतकातल्या रंगीत कोटांच्या, शिस्तीत चालणाऱ्या पलटणींचे आहे. स्वतः पाहिलेले युद्ध टेबलावर मांडण्यापेक्षा त्यांना ते बरे वाटले असेल तर नवल नाही.

टोनी बाथचा वेगळा उल्लेख करायला हवा. अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्डच्या अद्भुत कथांमधली नावे उसनी घेऊन त्याने 'हायबोरिया' हा काल्पनिक भूखंड रचला आणि त्यातली राज्ये मित्रांना वाटून टाकली. तह, फितुरी, रसद सगळे नकाशावर चाले. बरेचसे राजे पत्राने हुकूम धाडत. दोन सैन्ये गाठ पडली की लढाई टेबलावर. पात्रांचे स्वभाव पत्ते ओढून ठरत, त्यामुळे एखादा सेनापती भित्रा निघाला तर राजाने ते सोसायचे. ही मोहीम वर्षानुवर्षे चालली. १९६५ मध्ये बाथने प्राचीन युद्धांच्या अभ्यासकांसाठी 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' स्थापली. तिचे 'स्लिंगशॉट' हे नियतकालिक आजही निघते.

अमेरिकेत भिडू शोधण्याची धडपड उघडच दिसते. युद्धाचे खेळ काढणाऱ्या ॲव्हलॉन हिल कंपनीच्या 'द जनरल' (१९६४) या नियतकालिकात प्रतिस्पर्धी हवेत अशा जाहिरातींचे सदरच असे. याच जगातल्या गॅरी गायगॅक्सने १९६८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी 'जेन कॉन' हा मेळावा भरवला. पुढच्या वर्षी तिथे त्याची मिनेसोटाच्या डेव्ह आर्नेसनशी ओळख झाली. दोघांनी मिळून आधी जहाजांच्या लढायांचे नियम लिहिले आणि १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ काढला. पाच वर्षांनी आर्नेसन मानधनाच्या वादावरून कोर्टात गेला. टेबलावरची मैत्री पैशाच्या व्यवहाराला पुरतेच असे नाही.

ब्रिटनमधला ठरावीक क्लब आठवड्यातून एका संध्याकाळी भरतो : चर्चचा हॉल, स्काउटची झोपडी किंवा पबची वरची खोली. वर्गणी हॉलचे भाडे आणि चहापुरती. सहा फूट बाय चार फूट टेबल, त्यावर हिरवा कपडा किंवा रंगवलेली चटई, पुठ्ठ्याची घरे, तारेची झाडे. नवा माणूस पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने येतो, त्याला कोणीतरी आपली एक ब्रिगेड चालवायला देतो. एक पलटण रंगवायला कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात, ती परक्याच्या हाती सोपवणे म्हणजे काय, हे ज्याने रंगवली त्यालाच कळते. म्हणून सैनिकाला डोक्याने किंवा संगिनीने न उचलता बेस, म्हणजे पायाखालची चकती, धरून उचलणे हा इथला पहिला शिष्टाचार. ज्यांना क्लब जवळ नाही ते दोन्ही बाजूंची सैन्ये स्वतःच जमवतात आणि मित्रांना घरी बोलावतात. न रंगवलेल्या सैनिकांचा साठा सगळ्यांकडे वाढत जातो. त्याला गमतीने 'लेड माउंटन', शिशाचा डोंगर, म्हणतात आणि त्याच्या उंचीबद्दल घरच्यांशी खोटे बोलणे हा जुना विनोद आहे.

नियमांवरून वाद होतात. १९६९ मध्ये फिल बार्कर, बॉब ओब्रायन आणि एड स्मिथ यांनी स्थापलेल्या 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'ने स्पर्धांना चालतील असे काटेकोर नियम लिहिले. बार्करची वाक्ये इतकी आवळलेली की त्या भाषेला 'बार्करीझ' असे नावच पडले. स्पर्धेत त्या काटेकोरपणाला पर्याय नव्हता, पण मित्रांच्या टेबलावर वेगळा रिवाज आहे : अडले की फासा टाका, १ ते ३ तुझे, ४ ते ६ माझे, पुस्तक चहाच्या वेळी उघडू. ज्याला हे जमत नाही तो कितीही चांगला सेनापती असो, त्याच्यासमोर बसायला फार काळ कोणी तयार होत नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न म्हणजे दुसरी बाजू कोण घेणार. मराठी वाचकाला तो असईवरून चटकन समजेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ही लढाई इंग्लंडमधल्या टेबलांवर नेहमीची आहे आणि मराठा फौजेचे सैनिकही विकत मिळतात. वेलस्ली व्हायला सगळेच तयार. पण शिंद्यांच्या कवायती पलटणी चालवणारा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा पोलमन आणि इंग्रजांची १,५०० हून अधिक माणसे जायबंदी किंवा ठार करणारा तोफखाना कोणी मनापासून खेळला नाही, तर ती लढाई असई राहत नाही. प्रेते समजून इंग्रज पुढे गेल्यावर गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या, या प्रसंगासाठी नियम कसा करावा यावर इथे तासभर चर्चा होऊ शकते. त्या चर्चेत शत्रूची बाजू समजून घ्यावीच लागते. महायुद्धातल्या जर्मनांबाबत ही गोष्ट तितकी सोपी नाही, हिटलरच्या एसएस दलाचा गणवेश हौसेने रंगवणाऱ्याकडे काही क्लबांत भुवया उंचावतात. छंद आजही मुख्यतः पुरुषांचा आणि पिकल्या केसांचा आहे, हेही नोंदवायला हवे.

क्लब एकमेकांना भेटतात ते मेळाव्यांत. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या क्लबचा 'सॅल्यूट' १९७२ पासून लंडनमध्ये भरत आला आहे. अमेरिकेत 'हिस्टॉरिकॉन' १९८४ पासून. क्लब महिनोन्‌महिने खपून तिथे देखावे मांडतात, येणाऱ्याला खेळायला बसवतात. २०१९ च्या जूनमध्ये ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लूची लढाई २८ मिलिमीटरच्या २०,००० हून अधिक सैनिकांनिशी खेळली गेली. माजी सैनिकांना घेऊन वॉटर्लूच्या रणभूमीवर उत्खनन करणाऱ्या 'वॉटर्लू अनकव्हर्ड' या संस्थेसाठी निधी जमवणे हा हेतू. ते सैनिक अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी रंगवलेले होते.

मेळाव्यात 'ब्रिंग अँड बाय'चे टेबल असते, जुन्या सैन्यांच्या विक्रीसाठी. त्यातले काही डबे वारलेल्या सभासदांचे असतात. घरच्यांना त्या डब्यांची किंमत ठाऊक नसते, म्हणून क्लबातले दोघे-तिघे जाऊन यादी करतात, भाव ठरवतात, विकून आलेले पैसे घरी पोचवतात. एखादी पलटण त्यांच्यापैकी कोणीतरी रीतसर पैसे देऊन ठेवून घेतो. तिचे बेस जुन्या धाटणीचे असतात, त्याच्या बाकीच्या फौजेशी जुळत नाहीत. ते सहसा बदलले जात नाहीत.